लहानपणीची चव परत जमवताना: तूप, मेतकूट, आमटी आणि भाकरी

लहानपणी जिभेला लागलेली आमटी मोठेपणी स्वतःच्या हातची जमत नाही, तेव्हा पहिला संशय मसाल्यावर जातो. मग घरून मसाला मागवला जातो, तो मापून घातला जातो आणि चव पुन्हा हुकते. बहुतेक वेळा दोष मसाल्याचा नसतोच. तेल वेगळं असतं, आंबटासाठी भलतंच काही घातलेलं असतं, डाळ नीट घोटलेली नसते, नाहीतर फोडणीत हळद करपलेली असते. हे नेमकं कुठे बिघडतं आणि सुधारायचं कसं, ते इथे महाराष्ट्रातल्या रोजच्या जेवणाच्या आधाराने मांडलं आहे. पुरणपोळी-श्रीखंडाच्या वाटेला मुद्दाम गेलेलो नाही. सणाचे पदार्थ वर्षातून चार वेळा होतात, वरणभात रोज होतो आणि सवय रोजच्याची लागते.

मापांचा घोळ नको म्हणून आधीच सांगतो: इथे वाटी म्हणजे १५० मिलिलिटरची, चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा (नुसतं ‘चमचा’ म्हटलं तर हाच) आणि मोठा चमचा १५ मिलिलिटरचा. सगळी मापं चार माणसांच्या हिशोबाने आहेत.

घरची चव आधी लिहून काढा

कृती विचारण्याआधी चार गोष्टी विचारा. पहिली, तेल कुठलं होतं? देशावर बहुतेक घरांत शेंगदाण्याचं, सोलापूर-मराठवाड्याकडे करडईचं, विदर्भात काही घरांत जवसाचं, कोकणात काही ठिकाणी खोबरेल. रिफाइंड तेल काढताना त्याचा वास मुद्दाम घालवलेला असतो. त्यामुळे घाण्याच्या तेलावर वाढलेल्या जिभेला रिफाइंड तेलातली फोडणी अर्धवटच वाटणार. दुसरी गोष्ट, आंबट कशाचं? चिंच, आमसूल, कैरी, टोमॅटो की ताक? तिसरी, मसाला कुठला? पुण्याकडे गोडा, कोल्हापूर-साताऱ्याकडे कांदा-लसूण मसाला, खानदेश-मराठवाड्याकडे काळा, सिंधुदुर्गात मालवणी. चौथी गोष्ट, दाटपणा कशाने यायचा? दाण्याचं कूट, ओलं खोबरं, तीळ, कारळं की नुसती घोटलेली डाळ? एवढी उत्तरं मिळाली की निम्मं काम झालं.

उरलेल्या निम्म्यात मोठी अडचण म्हणजे ‘अंदाजाने घालते गं’. अंदाजाला मापात पकडायचा एक सोपा उपाय आहे. स्वयंपाक त्यांनाच करू द्या, मध्ये टोकू नका, फक्त सुरू करण्याआधी मिठाचा, मसाल्याचा, गुळाचा डबा आणि तेलाची बरणी वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहून घ्या. स्वयंपाक झाला की पुन्हा वजन करा. जो फरक येईल ते खरं प्रमाण. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा पुरतो. ‘दोन चमचे’ म्हणून सांगितलेला मसाला पुष्कळदा तीन ग्रॅमच भरतो, कारण मिसळणाच्या डब्यातला चमचा चहाच्या चमच्याच्या अर्धाही नसतो. त्याच वेळी फोनवर फोडणीचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. मोहरी तडतडायला लागल्यापासून डाळ ओतेपर्यंत किती सेकंद गेले, ते कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं.

गुरगुट्या भात आणि त्यावरचं तूप

पहिला घास बहुतेकांचा हाच. याला मोकळा शिजणारा तांदूळ कामाचा नाही. आंबेमोहोर सगळ्यात चांगला. तो आखूड दाण्याचा आणि चिकट असतो, शिजताना आंब्याच्या मोहोरासारखा वास येतो. तो मिळाला नाही तर इंद्रायणी घ्या. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेली ही जात आंबेमोहोराच्याच वंशातली आहे. एक वाटी तांदूळ दोन पाण्यांत हलक्या हाताने धुवा आणि अर्धा तास भिजवा. पाच वाट्या पाणी, पाव चमचा मीठ आणि अर्धा चमचा तूप घालून कुकरला चार शिट्ट्या करा, मग मंद आचेवर पाच मिनिटं ठेवा. वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली तर पेज उसळून झाकणात जाते आणि भात वर कोरडा, खाली लगदा असा होतो. झाकण काढल्यावर भात पातळ वाटला तरी घाबरू नका, दहा मिनिटांत आळतो. उलट उघडताक्षणी हवा तेवढा घट्ट असेल, तर ताटात येईपर्यंत त्याची वडी पडेल.

तूप मात्र घरी कढवलेलंच हवं, इथे तडजोड नाही. आठ-दहा दिवसांची साय एका डब्यात फ्रीजमध्ये साठवा आणि पहिल्याच दिवशी तिला चमचाभर दह्याचं विरजण लावा. विरजण न लावता साठवलेल्या सायीचंही तूप होतं, पण लहानपणी खाल्लेल्या तुपाला जो किंचित आंबूस वास असायचा तो त्याला येत नाही. साय घुसळायच्या आधी चार तास बाहेर ठेवा, घुसळताना लोणी सुटायला लागलं की बर्फाचं पाणी घाला. लोण्याचा गोळा पाणी नितळ निघेपर्यंत दोन-तीन वेळा धुवा. ताकाचा अंश राहिला तर बेरी, म्हणजे कढवताना तळाशी बसणारा गाळ, जास्त निघते आणि लवकर करपते.

कढवताना डोळ्यांपेक्षा कान उपयोगी पडतात. जाड बुडाच्या पातेल्यात लोणी वितळलं की वर पांढरा फेस येतो आणि चांगलाच कडकड आवाज सुरू होतो. तो लोण्यातल्या पाण्याचा. जोवर पाणी आहे तोवर पातेल्यातली उष्णता फारशी चढत नाही, म्हणून या टप्प्यावर आच मध्यम चालते. आवाज कमी व्हायला लागला की आच अगदी मंद करा आणि तिथून हलू नका. आता पाणी संपत आलेलं असतं, उष्णता भराभर चढते आणि तळाची बेरी दोन-तीन मिनिटांत पांढऱ्याची बदामी होते. आवाज जवळजवळ थांबला, बुडबुडे काचेसारखे झाले आणि तळ दिसायला लागला की गॅस बंद. बेरी हवी तेवढी तपकिरी होईपर्यंत थांबलात तर ती पातेल्याच्याच उष्णतेने पुढे जाऊन जळते. लवकर बंद केलंत तर पाणी राहतं आणि आठवड्याभरात तुपाला कुबट वास येतो. पाच मिनिटांनी गाळा. रवाळ तूप हवं असेल तर गाळलेलं भांडं फ्रीजमध्ये घालू नका आणि ढवळूही नका, रात्रभर ओट्यावर सावकाश निवू द्या. घाईने गार केलेलं तूप साबणासारखं गुळगुळीत थिजतं.

मेतकूट

भातावर तूप आलं की मेतकूट आलंच. हरभरा डाळ एक वाटी, तांदूळ अर्धी वाटी, उडीद डाळ, मूग डाळ आणि गहू प्रत्येकी पाव वाटी, धने आणि जिरे दोन-दोन चहाचे चमचे, मोहरी आणि मेथी अर्धा-अर्धा चमचा, तीन सुक्या मिरच्या, हळद एक चमचा, सुंठ आणि हिंग अर्धा-अर्धा चमचा. प्रत्येक जिन्नस वेगळा, कोरडा, मंद आचेवर भाजायचा. हरभरा डाळीला दहा-बारा मिनिटं लागतात, मेथीला जेमतेम एक, म्हणूनच एकत्र भाजता येत नाही. डाळ आतपर्यंत भाजली का, हे दाणा चावून बघा. कट्कन फुटला पाहिजे आणि मधे कच्ची चव लागता कामा नये. मेथी लालसर झाली की लगेच उतरवा, तपकिरी झाली तर सगळं मेतकूट कडू होतं आणि ते दुरुस्त करता येत नाही. भाजलेलं सगळं पूर्ण गार झाल्यावर हळद-हिंग-सुंठ घालून बारीक दळा आणि चाळून घ्या. मीठ दळताना घालू नका, खाताना घाला. काचेच्या बरणीत दोन-तीन महिने छान राहतं.

वरण: डाळ न शिजण्याची कारणं

एक वाटी तूरडाळ धुऊन अर्धा तास भिजवा. तीन वाट्या पाणी, अर्धा चमचा हळद, चिमूटभर हिंग, एक चमचा तेल. तेलामुळे फेस कमी येतो आणि कुकरची शिट्टी तुंबत नाही. चार शिट्ट्यांनंतर मंद आचेवर आठ-दहा मिनिटं. शिट्ट्या मोजणं हे तसं कच्चंच माप आहे, कारण मोठ्या आचेवर चार शिट्ट्या पाच मिनिटांत होतात आणि बारीक आचेवर पंधरा मिनिटांत. वाफ धरल्यानंतर डाळ किती वेळ शिजली, ते मोजा.

तरीही डाळ कणीदार राहत असेल तर तीन शक्यता. डाळ जुनी असेल. पाणी जड असेल, म्हणजे बोअरवेलचं, क्षारांचं. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे डाळीच्या पेशी आवळून राहतात. अशा वेळी पाणी उकळून, निववून, वरवरचं घ्या किंवा आरओ गाळणयंत्राचं वापरा. तिसरी शक्यता, डाळीबरोबरच टोमॅटो किंवा चिंच घातली असेल. आंबटात डाळ शिजत नाही, आंबट नेहमी डाळ पूर्ण शिजल्यावर घालायचं. चिमूटभर खायचा सोडा टाकला तर डाळ लवकर शिजते खरी, पण तिला साबणासारखी चव येते आणि ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं. तेव्हा तो मार्ग नको.

डाळ गरम असतानाच रवीने घोटा. हीच पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते. निवलेली डाळ घोटली तर कण राहतात आणि मग आमटीत पाणी एकीकडे, डाळ एकीकडे दिसते. साध्या वरणाला मीठ, सुपारीच्या अर्ध्याएवढा गूळ आणि ताटात वाढल्यावर तूप. याला फोडणी नसते.

गोडा मसाला

धने १०० ग्रॅम, सुकं खोबरं ५० ग्रॅम, तीळ २५ ग्रॅम, जिरे २० ग्रॅम, खसखस १० ग्रॅम, दगडफूल ५ ग्रॅम, दालचिनी ५ ग्रॅम, शहाजिरे ५ ग्रॅम, लवंग, मिरी आणि तमालपत्र प्रत्येकी ३ ग्रॅम, नागकेशर २ ग्रॅम, दोन मसाला वेलच्या, एक चक्रीफूल, चार सुक्या मिरच्या, हळद आणि हिंग एक-एक चहाचा चमचा, मीठ एक मोठा चमचा. एवढ्यात साधारण पाव किलो मसाला होतो.

या मसाल्याची ओळख दोन गोष्टींत आहे: गडद भाजलेलं खोबरं आणि दगडफूल. खोबरं किसून कोरडंच भाजा, चांगलं तपकिरी होईपर्यंत, पण काळं होऊ देऊ नका. नुसतं सोनेरी ठेवलंत तर मसाला फिका, करड्या रंगाचा होतो आणि आमटीला तो रंग येत नाही. मग तीळ, तडतडायला लागले की लगेच काढा. खसखशीला अर्धं मिनिट पुरतं. धने चमचाभर तेलावर सहा-सात मिनिटं. दोन बोटांत दाबून दाणा कुरकुरीत फुटला की झाले. खडे मसाले दोन चमचे तेलात, आणि सगळ्यात शेवटी त्याच तेलात दगडफूल, वीस-तीस सेकंद. दगडफूल कच्चं हुंगलं तर मातकट, नीरस वास येतो. गरम तेलात पडल्यावरच त्याचा सुगंध सुटतो. ते नीट निवडून घ्या, त्यात झाडाची साल आणि खडे असतात.

सगळं तासभर ताटात पसरून पूर्ण गार करा. कोमट मसाला दळला तर वाफ धरते, गोळ्या होतात आणि पुढे बुरशी येते. आधी धने, जिरे आणि खडे मसाले बारीक करा. खोबरं, तीळ, खसखस नंतर, थांबून थांबून फिरवा. सलग फिरवलंत तर तेल सुटून चटणी होईल. शेवटी दोन्ही एकत्र करून एकदा फिरवा. बाहेर दोन-तीन महिन्यांत खोबऱ्याचं तेल खवट व्हायला लागतं, म्हणून महिन्यापुरता मसाला बाहेर ठेवा, बाकीचा फ्रीजमध्ये.

फोडणी

कढल्यात दोन मोठे चमचे तेल मध्यम आचेवर तापवा आणि मोहरीचे दोन-तीन दाणे टाका. दाणे तळाशी गप्प बसले तर तेल गार आहे. पडताक्षणी काळे होऊन धूर निघाला तर जास्त तापलंय, अर्धा मिनिट खाली उतरवा. लगेच तडतडले तर अर्धा चमचा मोहरी घाला आणि झाकण ठेवा. मोहरी पूर्ण फुटलीच पाहिजे. फुटलेल्या मोहरीला खमंग चव येते, अर्धी फुटलेली कडवट लागते. आवाज विरळ झाला की आच कमी, अर्धा चमचा जिरे, पाच सेकंदांनी पाव चमचा हिंग, मग आठ-दहा कढीपत्त्याची पानं. पानं पुसून कोरडी केलेली हवीत, नाहीतर तेल अंगावर उडतं. आता गॅस बंद. हळद आणि तिखट यानंतरच. गॅस चालू असताना लाल तिखट पडलं तर ठसका येतो, रंग काळपट होतो आणि मग आमटीत कितीही गूळ घाला, कडूपणा जात नाही. हळद-तिखट पडल्यावर पाच सेकंदांच्या आत पुढचं काही पडलं पाहिजे, म्हणून डाळ, पाणी, पळी सगळं आधी हाताशी घेऊन ठेवा.

हिंगाबद्दल थोडं. बाजारात मिळतो तो बहुतेक बांधानी हिंग, त्यात गव्हाचं पीठ किंवा मैदा आणि डिंक मिसळलेला असतो. गहू चालत नसेल त्यांनी डबीवरचा मजकूर वाचल्याशिवाय घेऊ नये. प्रत्येक डबीचा जोर वेगळा असतो, म्हणून नवी डबी उघडली की आधी निम्माच घाला. हिंग आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या अफगाणिस्तान-इराणकडून येतो. हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात त्याच्या लागवडीला सुरुवात झाली ती २०२० साली.

फोडणी डाळीवर ओतायची की डाळ फोडणीत, यातही घरोघर फरक असतो आणि चवीला तो चांगलाच कळतो. डाळ फोडणीत घालून उकळली की वास आमटीत मुरतो. वरून ओतली तर वास वरच्यावर राहतो, पहिल्या घासाला झणका येतो. आमटीला पहिली रीत, फोडणीच्या वरणाला दुसरी.

आमटी

पातेल्यात वरच्याप्रमाणे फोडणी करून त्यात एक चमचा तिखट आणि लगेच घोटलेलं वरण घाला. दोन वाट्या कडकडीत गरम पाणी घाला. गार पाणी घातलं तर उकळी मोडते. उकळी फुटली की चिंचेचा कोळ: सुपारीएवढी, म्हणजे दहाएक ग्रॅम चिंच अर्धी वाटी गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून काढलेला. तो घालून चार-पाच मिनिटं उकळा, म्हणजे चिंचेचा कच्चट वास जातो. मग मोठा चमचाभर गूळ, दीड चमचा गोडा मसाला, सव्वा चमचा मीठ. आणखी पाच-सहा मिनिटं मध्यम आचेवर खळखळू द्या. शेवटी दोन मोठे चमचे ओलं खोबरं आणि कोथिंबीर. झाकून पंधरा मिनिटं तशीच ठेवा. लगेच वाढलेली आमटी आणि पाव तासाने वाढलेली आमटी यांत जो फरक पडतो, तो मसाला वाढवून भरून निघत नाही.

आमसुलाची आमटी असेल तर क्रम बदलतो. चार-पाच आमसुलं धुऊन शेवटच्या पाच मिनिटांतच घाला आणि उरलेली आमटी ठेवताना काढून टाका. आत राहिली तर रात्रभर आंबट सुटत राहतं.

‘काहीतरी कमी आहे’ असं वाटलं की लोक सरळ पातेल्यात मीठ किंवा मसाला टाकतात. तसं करू नका. तीन छोट्या वाट्यांत दोन-दोन चमचे आमटी घ्या. एकीत मिठाचे चार कण, दुसरीत चिंचेच्या कोळाचा एक थेंब, तिसरीत गुळाचा मोहरीएवढा खडा. चाखून बघा, जी वाटी ‘हीच ती’ म्हणेल तेच पातेल्यात घाला. बहुतेक वेळा ती मिठाची निघते. आंबट जास्त झालं असेल तर गूळ वाढवत नेऊ नका, तशाने आमटी चटणीसारखी होते. आणखी थोडी घोटलेली डाळ किंवा गरम पाणी घाला आणि मीठ पुन्हा बघा. आमटीला मसाल्याचा कच्चा वास येत असेल तर तिला फक्त उकळायला वेळ हवा आहे. पाणी वेगळं दिसत असेल तर आमटीची डाळ पुन्हा रवीने घोटून पाच मिनिटं उकळा.

ज्वारीची भाकरी

शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी घ्या. मालदांडी मिळाली तर उत्तम, मंगळवेढ्याची मिळाली तर विचारूच नका. पीठ थोडं थोडंच दळून आणा. दळून पंधरा-वीस दिवस झाले की पिठाची विरी, म्हणजे धरून राहण्याची ताकद, जाते, भाकरी थापताना कडा फाटतात आणि चवही कडवट होते. ज्वारीत गव्हासारखं चिवट ग्लुटेन नसतं, पीठ धरून ठेवायचं काम गरम पाण्याने चिकट झालेला पिठातला स्टार्च करतो. म्हणून पाणी चांगलं गरम हवं आणि जुन्या पिठाला तर उकळतंच हवं.

एक वाटी पिठाला साधारण पाऊण वाटी पाणी लागतं, पण पीठ पाहून थोडं थोडं घाला. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळा. तळहाताच्या टाचेने पुढे रगडत तीन-चार मिनिटं, गोळा गुळगुळीत होऊन बोटाला चिकटायचा थांबेपर्यंत. मळून ठेवलेला गोळा दहा मिनिटांत कोरडा पडतो आणि थापताना चिरतो. परातीत पीठ भुरभुरून गोळा ठेवा, आधी मध्यभागी हलक्या हाताने, मग कडेने बोटांनी थापत फिरवा. भाकरी फिरत नसेल तर खाली पीठ कमी पडलंय. कडेला चिरा पडत असतील तर मळणं कमी झालंय किंवा पाणी कमी आहे. गोळा मोडून पुन्हा ओल्या हाताने मळा, तसाच दामटून उपयोग नाही.

तवा चांगला तापलेला हवा. भाकरी उचलून पिठाची बाजू वर येईल अशी टाका आणि लगेच हात पाण्यात बुडवून वरून सगळीकडे, अगदी कडेपर्यंत पाणी फिरवा. पाणी न लागलेली जागा पांढरी राहते आणि तडकते. पाणी सुकत आलं, पण अजून चकाकी पूर्ण गेलेली नाही, तेव्हा उलटा. पूर्ण सुकल्यावर उलटलीत तर पापुद्रा तडकतो आणि भाकरी फुगत नाही. लवकर उलटलीत तर पीठ तव्याला चिकटतं. ही दुसरी बाजू नीट भाजू द्या, दीड-दोन मिनिटं, तपकिरी ठिपके येईपर्यंत. मग तवा बाजूला करून पहिली बाजू थेट आचेवर धरा. वाफ कोंडून भाकरी फुगते. फुगताना एका जागी भोक पडलं तर कापडाने दाबून धरा, बाकीची फुगेल. उतरवलेली भाकरी एकावर एक रचू नका. दुरडीत उभी टेकवून ठेवा, नाहीतर खालची ओली होते.

मुलांच्या ताटात

सहा महिने पूर्ण झाल्यावर बाळाला वरचं अन्न सुरू करतात, तिथे गुरगुट्या भात आणि वरणाचा मऊ गोळा हीच चांगली सुरुवात. पहिल्या वर्षात वरून मीठ आणि गूळ-साखर नको, आणि एक वर्षाच्या आत मध तर अजिबात नको. अर्धा चमचा तूप चालतं. मिरच्या घातलेलं मेतकूट वर्षानंतर. अख्खे शेंगदाणे पाच वर्षांच्या आतल्या मुलाला देऊ नका, घशात अडकतात. द्यायचेच तर बारीक कूट करून, भाजीत किंवा दह्यात मिसळून.

घरात एकच स्वयंपाक करायचा असेल तर डाळीचे दोन भाग करा. पातेल्यातून मुलाची वाटी आधी बाजूला काढा, तिला तूप-जिरे-हिंगाची छोटी फोडणी द्या, मग उरलेल्या डाळीला तिखटाची. दुसऱ्या वर्षापासून त्या वाटीत मोठ्यांच्या आमटीचा एक चमचा मिसळायचा, काही महिन्यांनी दोन. गोडा मसाला तिखट नसल्यामुळे ही वाट सोपी जाते. नवी चव एकदा थुंकली म्हणजे नावडली असं नाही. आठ-दहा वेळा, मधे दिवस सोडून, थोडी थोडी समोर आली की बहुतेक मुलं ती घेतात. जबरदस्तीने भरवलं तर मात्र तोच पदार्थ पुढे वर्षानुवर्षं नकोसा होतो. कारलं आणि मेथी याची ठळक उदाहरणं.

हाताला काम द्यायला तीन वर्षांपासून सुरुवात करता येते: कोथिंबीर खुडणं, मटार सोलणं. पाच-सहाव्या वर्षी ताक घुसळणं, कोशिंबीर कालवणं, वाटीने तांदूळ मोजणं. आठ-नऊपर्यंत मूल भाकरीचं पीठ मळू शकतं. परातीसमोर जमिनीवर बसवा, ओट्यावर उंची कमी पडते आणि हाताचा जोर लागत नाही. गरम पाणी तुम्ही ओता, थोडं निवल्यावर गोळा त्याच्याकडे द्या. फोडणी बाराव्या वर्षाच्या आसपास, लांब दांड्याच्या कढल्यात, सैल बाह्या गुंडाळून आणि झाकण हातात तयार ठेवून. पहिल्या काही वेळा तिखट फोडणीत घालायला लावू नका, उकळत्या आमटीत घालू द्या. करपण्याचा प्रश्नच येत नाही.